दहावीचे चार-साडेचार महिने
(घाटकोपर येथें विद्यार्थी व पालक यांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



दसरा नुकताच झाला. घरोघर पाटीवर सरस्वती काढून पुस्तकांची पूजा झाली, हळदकुंकू वाहून झालें. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. आमची विनंती इतकीच कीं, पुजलेलें पुस्तक आतां उघडावें. भाटवाडीपासून असल्फ्याच्या टेकडीपर्यंतचीं माणसें आज येथें आलीं आहेत. मुलुंड-भांडुपाकडचे आहेत, मेट्रोनें अंधेरीहून आलेले आहेत, आणि एक बाई तर दोन मुलांना घेऊन बोरीवलीहून आल्या आहेत. इतक्या लवकर सभा कशाला, परीक्षा तर पुढल्या वर्षीं, असें आम्हांस पुष्कळांनीं विचारलें. त्यांस उत्तर असें कीं, जानेवारींत भरविलेली सभा ही रोग्याच्या उशाशीं भरविलेली सभा असते. तेथें धीर देतां येतो, औषध देतां येत नाहीं.

आपल्यांतले पुष्कळजण घाटावरून नाहीं तर कोंकणांतून पोटामागें मुंबईस आलेले. मृगाचा पाऊस पडूं लागल्यावर नांगराचा फाळ शोधावयास निघणारा कुणबी काय पिकवील, हें त्यांस आम्हीं सांगावयास नको. पण तोच शहाणा माणूस मुलाच्या परीक्षेच्या बाबतींत नेमका तसा वागतो. जूनमध्यें वह्यापुस्तकें घेऊन देतो, आणि एकदम फेब्रुवारींत विचारतो, "काय रे, झाला का अभ्यास?" मुलगा म्हणतो, "झाला." दोघांनाही ठाऊक असतें कीं, तो झालेला नाहीं.

आतां दिवस मोजूं. पुष्कळ वर्षें दहावीची लेखी परीक्षा मार्चच्या आरंभीं सुरू होत असे. २०२५ सालीं ती २१ फेब्रुवारीस सुरू होऊन १७ मार्चला संपली. म्हणजे मार्च महिना डोळ्यांपुढें ठेवून बसणाऱ्याचे आठ-दहा दिवस तेथेंच गेले. त्या आधीं तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा येतात, त्याच्याही आधीं शाळेची पूर्वपरीक्षा. तेव्हां हातीं आहेत चार-साडेचार महिने. त्यांतून दिवाळी, घरचीं लग्नकार्यें, आणि एकदोन वेळचा ताप-खोकला वजा करा. ही वजाबाकी आजच करून ठेवावी. पुढें ती आपोआप होते, पण मग ती आपल्या हातांत राहत नाहीं.

ही परीक्षा म्हणजे काय तें आजोबांच्या वयाच्या मंडळींनीं समजून घेतलें पाहिजे, कारण त्यांच्या तोंडीं अजून 'मॅट्रिक' हाच शब्द आहे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ सालीं झाली. पुढें ती जाऊन १९४९ पासून एस.एस.सी. आली, ती अकरावीच्या शेवटीं असे. १९७५ पासून दहावीच्या शेवटीं आली. १९६६ पासून हें काम राज्य मंडळाकडे आहे, आणि मुंबईच्या विभागीय मंडळाची कचेरी वाशीस आहे. नांवें बदललीं, वर्ग बदलला, दार मात्र तेंच राहिलें. त्या दारांतून पलीकडे गेलेल्यास पुढची वाट असते. अलीकडे राहिलेल्यास पुढचीं चाळीस वर्षें दुसऱ्याच्या सहीवर जगावें लागतें. म्हणून आम्ही या परीक्षेस मानतों. ती फार थोर गोष्ट आहे म्हणून नव्हे.

तीन वर्षांपूर्वींची आमची एक चूक आज सर्वांसमक्ष सांगणें आम्हांस जरूर वाटतें. आमच्या अभ्यासिकेंत त्या वर्षीं चाळीस मुलेंमुली होतीं. आम्हीं मोठ्या हौसेनें एक वेळापत्रक तयार केलें. तांबड्या, हिरव्या, निळ्या रंगांत छापून घेतलें. पहांटे चारला उठणें, साडेचार ते सात गणित, संध्याकाळीं विज्ञान, रात्रीं अकरापर्यंत भाषा. प्रत्येकाच्या घरीं तें भिंतीवर चिकटविलें. नवव्या दिवशीं चाळिसांपैकीं तीन मुलें तें पाळीत होतीं, आणि त्या तिघांच्या घरीं स्वतंत्र खोली होती.

त्यांत टेकडीवरच्या वस्तींतली एक मुलगी होती. पहांटेची हजेरी आम्ही घेत असूं, तींत ती कधींच नसे. आम्हीं तिला चारचौघांत आळशी म्हटलें. तिनें कांहीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या आठवड्यापासून ती येईनाशी झाली. मे महिन्यांत निकाल लागला. ती गणितांत राहिली. मग आम्ही तिच्या घरीं गेलों. वस्तीच्या नळाला पाणी पहांटे साडेचारला येई आणि सहाला जाई. आई कामाला जाण्यासाठीं पांचालाच घर सोडी. सोळा हंडे पाणी तीच मुलगी चढणीवरून वाहून नेत असे. ज्या घटकेस आम्हीं तिच्या भिंतीवर 'गणित' असें लिहिलें होतें, त्याच घटकेस ती नळावर उभी होती. आम्हीं तिला एकदांही विचारलें नव्हतें कीं, बाई, तुला वेळ केव्हां असतो? आळशी कोण होतें, हें तुम्हीच ठरवा.

त्या दिवसापासून आम्हीं रंगीत वेळापत्रक छापणें सोडलें. आतां मुलास एक कोरा कागद देतों आणि म्हणतों, यावर आधीं अभ्यास लिहूं नको. आधीं घर लिही. पाणी केव्हां येतें, स्वयंपाक कोण करतो, धाकट्यांना शाळेंत कोण पोंचवितो, रात्रपाळी करून आलेला बाप कोणत्या वेळीं झोंपतो, शेजारचा टी.व्ही. किती वाजतां बंद होतो. दहा बाय बाराच्या खोलींत सहा माणसें असलीं म्हणजे या प्रत्येक गोष्टीला वेळ ठरलेला असतो. हें सर्व लिहून झाल्यावर कागदावर जी मोकळी जागा उरते, तेवढाच त्या मुलाचा खरा वेळ. कोणाचा अडीच तास निघतो, कोणाचा चार. अडीच निघाला तर अडीचच लिहावा. खोटे आठ तास लिहिणारा रोज साडेपांच तासांचा कर्जदार होतो, आणि पंधरा दिवसांनीं हिशेब फाडून मोकळा होतो.

आणि वेळ मुळींच निघत नसेल, तर तो काढावा लागतो. तो मुलानें एकट्यानें काढावयाचा नसतो. परळच्या चाळींत एका खोलींत राहणारे सुभेदार रामजी यांची गोष्ट येथें सांगतों. खोलींत दिवसा गजबज. म्हणून ते मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्रीं दोन वाजेपर्यंत जागे राहत, दोनला मुलाला उठवीत, आणि मग आपण आडवे होत. चाळ झोंपलेली असे तेव्हां तो मुलगा रॉकेलच्या दिव्याजवळ वाची. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९०७ सालीं एल्फिन्स्टन हायस्कुलांतून ते मॅट्रिक झाले. ७५० पैकीं २८२ गुण मिळाले. शेंकडा साडेसदतीसच्या आसपास! आज एवढे गुण मिळविणाऱ्या मुलाला आपण नातेवाईकांसमोर येऊं देत नाहीं. आणि त्या काळच्या माणसांनीं काय केलें? सभा भरविली. सी. के. बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्या मुलास भेट दिलें. चर्नीरोडच्या बागेंत एक मुलगा रोज वाचीत बसतो, हें याच केळुसकरांनीं हेरलें होतें. आम्हांस या गोष्टींत मुलाच्या बुद्धीइतकीच बापाची रात्रीं दोनपर्यंतची जाग मोठी वाटते. वेळापत्रक कागदावर नव्हतें. तें बापाच्या डोळ्यांत होतें.

तुम्ही दोनपर्यंत जागा, असें आमचें म्हणणें नाहीं. टी.व्ही. साडेआठला बंद करा. तेवढें पुष्कळ झालें.

आतां विषयांकडे वळूं. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्रें मिळून सहाशें गुण. त्यांतले उत्तम पांच विषय धरून टक्केवारी काढतात. भाषांना लेखी ८० आणि शाळेकडचे २०. गणितांत बीजगणित ४०, भूमिती ४०, शाळेकडचे २०. विज्ञानाचे दोन भाग, ४० आणि ४०. इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४०. उत्तीर्ण होण्यास शंभरांत ३५.

आपलीं मुलें अडतात कोठें? गणितांत आणि इंग्रजींत. तेव्हां पहिला वेळ त्यांचा. बीजगणिताचीं प्रकरणें सहा आहेत, भूमितीचीं सात, एकूण तेरा. आठवड्यास एक धरलें आणि दिवाळीचा आठवडा सोडून दिला, तरी संक्रांतीच्या सुमारास तेराही होतात. विज्ञानाचीं दोन्ही भागांचीं मिळून वीस. दोन आठवड्यांत तीन धरलीं कीं तींही त्याच सुमारास संपतात. इतकें हें सोपें गणित आहे, पण तें दसऱ्याला मांडलें तरच सोपें. जानेवारींत मांडणाऱ्यास तेंच गणित रोज एक प्रकरण असें उत्तर देतें, आणि रोज एक प्रकरण कोणाच्या बापाला जमलेलें नाहीं.

गणितांत सुरुवात कोठून करावी यावर आमचें मत थोडें निराळें आहे. पुस्तकाच्या क्रमानें जाण्याचा हट्ट नको. अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी हीं प्रकरणें आपल्या मुलांना लवकर समजतात, कारण जी.एस.टी.ची पावती त्यांनीं दुकानांत पाहिलेली असते. तेथें चार गुण हातीं लागले कीं वर्गसमीकरणाची भीति कमी होते. भूमितींत मात्र समरूपता आधीं आलीच पाहिजे. ती चुकवून त्रिकोणमितींत शिरणाऱ्याची फसगत ठरलेली.

प्रकरण 'झालें' म्हणजे काय, याची व्याख्या आमच्या अभ्यासिकेंत ठरलेली आहे. वाचलें म्हणजे झालें नाहीं. खालीं रेघा मारल्या म्हणजे तर मुळींच नाहीं. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, स्वतःच्या हातानें उत्तर उतरलें तर झालें. तेंच सातव्या दिवशीं पुन्हां एकदां, आणि महिन्यानें आणखी एकदां उतरलें तर पक्कें झालें. भूगोलांत भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. एका मुलानें तें पुस्तक चार वेळां वाचलें होतें. पुस्तक मिटून ब्राझीलचा नकाशा काढ म्हटल्यावर त्यानें ॲमेझॉन नदी दक्षिणेच्या टोकाला नेली. नदीचा दोष नव्हता.

शाळेकडच्या वीस गुणांना आपलीं माणसें फुकटचे समजतात. ते फुकटचे नाहींत. ते वेळेवर दिलेल्या वहीचे, तोंडी परीक्षेचे आणि प्रात्यक्षिकाचे आहेत. २०१९ सालीं भाषा व समाजशास्त्रें यांचे हे गुण काढून टाकले होते. त्या वर्षीं राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. आदल्या वर्षीं तो ८९.४१ होता. पुढल्या वर्षीं गुण परत आले, निकाल ९५.३० झाला. २०२० सालीं साथीमुळें भूगोलाचा पेपरच झाला नाहीं आणि २०२१ सालीं तर लेखी परीक्षाच रद्द झाली, हें खरें. तरी वीस गुणांचें वजन या आंकड्यांवरून कळण्यासारखें आहे. आमच्या अभ्यासिकेंत प्रयोगवही पुरी नसलेल्या मुलास दुसरें कांहीं करूं देत नाहीं.

रविवारविषयीं एक शब्द. गिरणीकामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं झगडून ती मिळवून दिली, १० जून १८९० पासून. माणसाला सातवा दिवस लागतो, हें ज्यांनीं ओळखलें त्यांच्या गांवीं राहून आपण पंधरा वर्षांच्या पोराला सातही दिवस जुंपावें, हें बरें नव्हे. रविवारीं सकाळीं आठवड्यांत राहिलेलें भरून काढावें, एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी, आणि दुपारनंतर मोकळें सोडावें. क्रिकेट खेळूं द्या. वेळापत्रकांत रिकामी जागा नसली कीं पहिल्या तापाबरोबर तें सबंध कोलमडतें.

रात्रशाळेंतले विद्यार्थी आज थोडे आले आहेत, कारण ते यावेळीं कामावर आहेत. मरोळच्या कारखान्यांत, साकीनाक्याच्या गाळ्यांत, हॉटेलांत दिवसभर राबून संध्याकाळीं वर्गांत बसणारा मुलगा आणि दिवसाच्या शाळेंतला मुलगा यांची प्रश्नपत्रिका एकच असते. जोतीरावांनीं १८५५ सालीं आपल्या घरीं श्रमकऱ्यांसाठीं रात्रीची शाळा काढली, तेव्हांपासून ही वाट चालत आली आहे. या मुलांचा हिशेब निराळा. त्यांनीं सहा विषयांत सारखा जीव टाकूं नये. आधीं प्रत्येक विषयांत ३५ चा कांठ गांठावा, मग ज्यांत गोडी आहे तेथें पुढें जावें. लोकलच्या प्रवासांत सूत्रें आणि व्याख्या यांची लहान चिठ्ठी खिशांत असावी. आणि त्यांच्या मालकांस आमची जाहीर विनंती आहे कीं, परीक्षेच्या दिवशीं तरी सुटी कापूं नका. सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें कीं, त्या अर्जाची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधींच संपते. दर वर्षीं कोणीतरी डिसेंबरांत अर्ज विचारीत येतो आणि आम्हांस त्याला रिकाम्या हातीं परत पाठवावें लागतें.

स्टेशनबाहेर, घाटकोपर काय, मुलुंड काय, बोरीवली काय, क्लासांचे मोठमोठे फलक लागतात. त्यांवर हसऱ्या मुलांचे फोटो आणि खालीं टक्केवारी. जे नापास झाले त्यांचे फोटो कोठें लावतात, तें आम्हांस अजून सांपडलें नाहीं. क्लास वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. कर्ज काढून क्लास लावूं नका, असें म्हणतों. मंगळसूत्र मोडून भरलेल्या फीचें ओझें पोराच्या मानेवर बसतें, आणि तें ओझें घेऊन त्याला उत्तर लिहितां येत नाहीं. तसेंच, हॉलतिकीट देवापुढें ठेवण्यासाठीं मंगळवारीं चार तास रांगेंत उभें राहणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. देवाला हॉलतिकीट वाचावयाचें नसतें. त्या चार तासांत दोन प्रश्नपत्रिका सोडवून झाल्या असत्या.

मातांनो, तुम्हांस एक कडू बोलणार आहोंत. मुलगा दहावीला असला तर त्याला दूध, त्याला पंख्याखालची जागा, त्याला "अभ्यास करतोय, हळू बोला." मुलगी दहावीला असली तर तिला भांडीं. आणि निकाल लागल्यावर मुली पुढें गेल्या म्हणून पेढेही तुम्हीच वांटतां! त्या पुढें जातात त्या भांडीं घासून. या चार महिन्यांपुरती घरांतल्या कामाची वांटणी करा. हंडा भावानें उचलला तर त्याचा हात झिजत नाहीं. बापांनीं उचलला तर आणखीच उत्तम.

मोबाईलबद्दल तुम्ही विचारणार, म्हणून सांगतों. काढून घेऊन कांहीं होत नाहीं, कारण शाळेचे गृहपाठही आतां त्यावरच येतात. ठराविक अर्धा तास ठरवा, आणि त्या वेळेखेरीज तो आईच्या डब्यांत राहूं द्या. आमच्याकडे अभ्यासिकेच्या दारांत एक पत्र्याची पेटी आहे. पहिल्या दिवशीं मुलें भांडतात. पंधरा दिवसांनीं स्वतः आणून टाकतात.

संक्रांतीनंतर नवें कांहीं शिकूं नये. जुन्या प्रश्नपत्रिका, बसण्याची संवय, लिहिण्याचा वेग. चाळीस गुणांच्या पेपराला दोन तास आणि भाषेच्या ऐंशींला तीन असतात. २०२३ पासून शेवटीं दहा मिनिटें जादा मिळतात. ती दहा मिनिटें उत्तरांचे क्रमांक तपासण्यासाठीं ठेवावीं. केंद्र कोणत्या शाळेंत आलें आहे, तें आदल्या दिवशीं जाऊन पाहून यावें. पहिल्या पेपराच्या सकाळीं गर्दीच्या गाडींत पत्ता विचारीत फिरणारीं मुलें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत.

आणि यांतून एखादा राहिला तर? निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा होते. एक-दोन विषय राहिले तरी ए.टी.के.टी.नें अकरावीला जातां येतें. त्या नळावरच्या मुलीविषयीं आम्ही मघां बोललों. तिच्या घरून परत आल्यावर तिच्या शेजारणींनीं पाण्याच्या पाळ्या वांटून घेतल्या, ती दुपारीं दोन ते चार आमच्याकडे येऊं लागली, आणि त्याच वर्षीं पुरवणींत गणितांत ४७ गुण मिळवून सुटली. आम्हीं तिची क्षमा मागितली. तिनें एवढेंच म्हटलें, "सर, पुढच्या पोरींना आधीं विचारा."

तर विचारतों. दाराशीं टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. जातांना प्रत्येक विद्यार्थ्यानें एक घ्यावा, घरीं बसून आईबापांसमक्ष भरावा, आणि सोमवारीं संध्याकाळीं सातला घेऊन यावा. अभ्यासिकेची वेळ यंदा आम्हीं ठरविलेली नाहीं; ते कागद पाहून ठरवूं. टेकडीवरच्या मुलांसाठीं वरच्या बाजूस एक खोली हवी आहे. दुपारीं दोन ते चार, फक्त फेब्रुवारीपर्यंत. कोणाची रिकामी असेल त्यानें आतांच अध्यक्षांस सांगावें. पंखा आणि सतरंजी आमची आम्ही आणूं.